लिनक्सवर चालणारा क्लास विंडोजवर एक्सपोर्ट करताना का अडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चित्रांचे थर सांभाळणारी एक सीप्लसप्लस लायब्ररी लिनक्सवर जीसीसी या कंपायलरने बरेच दिवस बिनबोभाट बिल्ड होते आहे. आता विंडोजसाठी तिची डीएलएल (प्रोग्राम चालताना जोडली जाणारी लायब्ररी फाइल) करायची म्हणून लेअरस्टॅक या क्लासच्या नावाआधी एक्सपोर्टचा मॅक्रो लावला, आणि व्हिज्युअल सीप्लसप्लसने सी२२८० फेकला: डिलीट केलेलं फंक्शन वापरताय. बोट तुमच्या कोडकडे नाही, एक्समेमरी नावाच्या मायक्रोसॉफ्टच्याच हेडरकडे. प्रश्नकर्ते म्हणतात, "मी या क्लासची कॉपी कुठेच करत नाही. मॅक्रो काढला की सगळं बिल्ड होतं."

त्या शेवटच्या दोन वाक्यांतच अर्धं उत्तर आहे. कॉपी तुम्ही करत नाही, पण मॅक्रो लावल्यावर कंपायलरला ती तुमच्या नावाने लिहून ठेवावी लागते.

एरवी काय होतं ते आधी पाहू. क्लासमध्ये तुम्ही कॉपी कन्स्ट्रक्टर लिहिला नाहीत, तर कंपायलर तो स्वतःहून जाहीर करतो, पण त्याची बॉडी लगेच लिहीत नाही. कोणी खरोखर कॉपी केली तरच लिहितो. जीसीसी आणि क्लँग लिनक्सवर याच आळशीपणावर चालतात, आणि व्हिजिबिलिटीचं अ‍ॅट्रिब्यूट लावलं तरी त्यात फरक पडत नाही. ते अ‍ॅट्रिब्यूट एवढंच सांगतं की जे तयार झालं आहे ते बाहेर दिसू दे. डीएलएलएक्सपोर्टचं, म्हणजे विंडोजवर तुमचा मॅक्रो ज्यात उलगडतो त्याचं, तसं नाही. ते अख्ख्या क्लासवर लावलं की व्हिज्युअल सीप्लसप्लस असं धरून चालतो की उद्या कोणाची तरी ईएक्सई, जी त्याला आज दिसतही नाही, यातलं कुठलंही मेंबर फंक्शन मागू शकते. म्हणून कन्स्ट्रक्टर, डिस्ट्रक्टर, कॉपी, असाइनमेंट, सगळ्यांच्या बॉडी आजच डीएलएलमध्ये भरायच्या. दुकानाबाहेर "येथे सर्व मिळेल" अशी पाटी लावली की माल भरावाच लागतो, गिऱ्हाईक येवो न येवो.

आता तुमच्या क्लासकडे या. इथे फक्त देवनागरी आहे म्हणून कोडही देवनागरीत लिहितो, एडिटरमध्ये टाकताना नेहमीसारखं टाका (पेंट_एपीआय हा तो एक्सपोर्टचा मॅक्रो):

क्लास पेंट_एपीआय लेअरस्टॅक {
पब्लिक:
    व्हॉइड अ‍ॅड(एसटीडी::युनिक_पीटीआर<लेअर> एल);
प्रायव्हेट:
    एसटीडी::व्हेक्टर<एसटीडी::युनिक_पीटीआर<लेअर>> लेअर्स;
};

गोम आहे त्या व्हेक्टरमध्ये. युनिक पॉइंटर थेट मेंबर असता, तर हा एरर आलाच नसता. युनिक पॉइंटरची कॉपी उघडउघड डिलीट केलेली असते. कंपायलर ते पाहतो, तुमच्या क्लासचीही कॉपी मुकाट्याने डिलीट करतो, आणि डिलीट केलेल्या गोष्टीला एक्सपोर्ट करण्यासारखं काही उरत नाही. व्हेक्टर मात्र खोटं बोलतो. आतल्या एलेमेंटची कॉपी होते की नाही हे न बघताच तो "माझी कॉपी होते" असं जाहीर करून बसतो. इझ कॉपी कन्स्ट्रक्टिबल हा ट्रेट व्हेक्टर ऑफ युनिक पॉइंटरवर चालवून पाहा, ट्रू येतं. याला कारणही आहे. एलेमेंटचा टाइप अजून अर्धवट, म्हणजे नुसता फॉरवर्ड डिक्लेअर केलेला असतानाही व्हेक्टर लिहिता यावा लागतो (सीप्लसप्लस१७ ने व्हेक्टर, लिस्ट आणि फॉरवर्ड लिस्टसाठी ही मुभा स्टँडर्डमध्येच घातली), आणि अर्धवट टाइपला "तुझी कॉपी होते का" असं विचारता येत नाही. मग व्हेक्टरच्या भरवशावर कंपायलर म्हणतो, लेअरस्टॅकचीही कॉपी होते. एक्सपोर्टमुळे ती कॉपी लिहायला घेतो, व्हेक्टरच्या आत शिरतो, एलेमेंट कॉपी करण्याच्या ओळीवर पोचतो आणि तिथे तोंडावर आपटतो. ती ओळ एक्समेमरीमध्ये आहे, म्हणून बोट तिकडे.

माझ्यावर पहिल्यांदा ही वेळ आली तेव्हा मी अख्खा दिवस एक्समेमरी वाचण्यात घालवला. मेंबर एकेक करून कॉमेंट केले, व्हिज्युअल स्टुडिओ पुन्हा इन्स्टॉल करावा का इथपर्यंत गाडी गेली. शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याने चहा पिता पिता विचारलं, "मॅक्रो काढून बघितलास का?" तुम्ही ते आधीच केलंत, म्हणजे माझ्यापेक्षा एक दिवस पुढे आहात.

असा एरर वाचताना एरर लिस्टची खिडकी बंद करा आणि आउटपुटची टॅब उघडा. एरर लिस्टमध्ये वरची एकच ओळ ठळक दिसते, तिच्या मागची नोटांची रांग आउटपुटमध्ये सलग मिळते. सी२२८० पासून खाली उतरत जा आणि तुमच्या स्वतःच्या हेडरचं नाव पहिल्यांदा कुठे येतं ते बघा. हे कंपायलरने स्वतः तयार केलेल्या फंक्शनमध्ये घडलं, असं सांगणारी नोट तिथे भेटली, किंवा ओळ क्रमांक क्लासच्या बंद होणाऱ्या महिरपी कंसाचा निघाला, तर खात्रीने समजा की हे न लिहिलेल्या फंक्शनचं भांडण आहे. त्या कंसावर तुम्ही काही लिहिलेलं नसतं, कंपायलरने लिहिलेलं असतं.

उपाय दोन ओळींचा:

    लेअरस्टॅक(कॉन्स्ट लेअरस्टॅक&) = डिलीट;
    लेअरस्टॅक& ऑपरेटर=(कॉन्स्ट लेअरस्टॅक&) = डिलीट;

दोन्ही लिहा. नुसता कॉपी कन्स्ट्रक्टर डिलीट करून थांबलात, तर तोच एरर असाइनमेंटमधून पुन्हा येईल आणि या वेळी बोट बहुधा दुसऱ्याच हेडरकडे असेल. लोक इथे "डिलीट केलं तरी जात नाही" म्हणून हात टेकतात.

या दोन ओळींची किंमतही मोजावी लागते. कुठलाही कन्स्ट्रक्टर तुम्ही जाहीर केलात, भले डिलीट म्हणून का होईना, की फुकटचा डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर जातो, आणि जिथे जिथे लेअरस्टॅक बिनआर्ग्युमेंटचा बनत होता तिथे सी२५१२ सुरू होतो. मूव्ह कन्स्ट्रक्टर आणि मूव्ह असाइनमेंट पण जातात. फंक्शनमधून लेअरस्टॅक परत करणारा कोड त्यामुळे अडू शकतो. तेव्हा डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर, दोन्ही मूव्ह आणि डिस्ट्रक्टर हे चौघेही हेडरमध्ये स्वतः जाहीर करा.

जाहीर हेडरमध्ये, पण = डिफॉल्ट लिहायचं सीपीपी फाइलमध्ये. हेडरमध्येच डिफॉल्ट केलंत आणि लेअर तिथे नुसता फॉरवर्ड डिक्लेअर केलेला असेल, तर पुढचा एरर तयारच आहे: सी२०२७, अपूर्ण टाइप वापरताय, आणि त्याच्या जोडीला युनिक पॉइंटरच्या पोटातला स्टॅटिक अ‍ॅसर्ट, अपूर्ण टाइप डिलीट करता येत नाही म्हणून. डिस्ट्रक्टरचं हे बहुतेकांना माहीत असतं, कारण पिंपल (क्लासचे मेंबर एका पॉइंटरमागे सीपीपीत लपवणं) करताना प्रत्येकाने एकदा तरी ठेच खाल्लेली असते. कन्स्ट्रक्टरचं मात्र विसरतात. कन्स्ट्रक्टर अर्ध्यात एक्सेप्शन टाकू शकतो, तेव्हा तोवर बनलेले मेंबर मोडण्याचा कोड त्याच्यातही असतो. म्हणून इनलाइन कन्स्ट्रक्टरलाही लेअरची पूर्ण व्याख्या लागते. एक्सपोर्ट नसताना हे कधीकधी निभावून जातं, कारण ते हेडर घेणाऱ्या बऱ्याच फाइल लेअरस्टॅक बनवत किंवा मोडतच नाहीत. एक्सपोर्ट आला की हे हेडर घेणाऱ्या प्रत्येक सीपीपीमध्ये कंपायलर ही फंक्शनं लिहायला बसतो, आणि त्यातल्या एकीने जरी लेअरचं हेडर घेतलेलं नसलं तरी बिल्ड फाटतो.

एका ठिकाणी डिलीट लावूनही सुटका नाही, तेही सांगून ठेवतो. कोणीतरी हौसेने लेअरस्टॅक थेट व्हेक्टरपासून इन्हेरिट केलेला असतो, "साइज, बिगिन, एंड सगळं फुकट मिळतं" म्हणून. एक्सपोर्ट केलेल्या क्लासचा बेस जर टेम्प्लेटचं स्पेशलायझेशन असेल, तर व्हिज्युअल सीप्लसप्लस त्या बेसलाही आपोआप डीएलएलएक्सपोर्ट लावतो. म्हणजे अख्खा व्हेक्टर, त्याच्या स्वतःच्या कॉपीसकट, लिहिला जातो. तुमच्या क्लासमधलं डिलीट त्याच्या गावीही नसतं. एलेमेंट कॉपी होणारा असला तरी त्रास पुढे लिंकरमध्ये निघतो: तोच व्हेक्टर दुसऱ्या ऑब्जेक्ट फाइलमध्येही बनलेला असतो आणि एलएनके२००५, सिंबॉल आधीच आहे, अशी रांग लागते. इथे इन्हेरिटन्स काढून व्हेक्टर मेंबर करा. पाच-सहा फॉरवर्ड करणारी फंक्शनं लिहावी लागतील, लिहा.

अख्खा क्लास एक्सपोर्ट न करता मॅक्रो फक्त हव्या त्या मेंबर फंक्शनवर लावायचा, हा दुसरा रस्ता आहे, आणि खरं सांगायचं तर विंडोजपुरता मला तोच जास्त पटतो. कंपायलरला जे मागितलं तेवढंच तो लिहितो, न मागितलेल्या कॉपीचा प्रश्नच येत नाही. फक्त क्लासवरही आणि मेंबरवरही असं दोन्हीकडे लावू नका, सी२४८७ मिळेल. लिनक्सवर मात्र याला एक फाटा फुटतो. तुम्ही सगळं हिडन ठेवून बिल्ड करत असाल आणि क्लासला व्हर्च्युअल फंक्शनं असतील, तर फंक्शनं बाहेर दिसतात पण व्हीटेबल (व्हर्च्युअल फंक्शनांचा तक्ता) आणि टाइपइन्फो (टाइपची ओळख) आतच राहतात. वापरणाऱ्याने त्या क्लासपासून इन्हेरिट केलं किंवा त्यावर डायनॅमिक कास्ट लावला की लिंकर म्हणतो, टाइपइन्फोचा संदर्भ सापडत नाही. म्हणून मी दोन मॅक्रो ठेवतो. एक फंक्शनसाठी, दोन्हीकडे चालणारा. दुसरा क्लाससाठी, जो विंडोजवर रिकामा असतो आणि लिनक्सवर फक्त टाइपची व्हिजिबिलिटी डिफॉल्ट करतो. डीएलएलच्या बाहेर पकडायचे एक्सेप्शन क्लास मात्र दोन्हीकडे पूर्ण एक्सपोर्ट करतो. ते छोटे असतात, कॉपी होणारेच असतात, आणि तिथे काटकसर करून काही हाती लागत नाही.

तुमचा सी२२८० गेला की लगेच सी४२५१ ची पिवळी रांग दिसेल: लेअर्स या मेंबरच्या टाइपला डीएलएल इंटरफेस नाही. बहुतेक जण ही वॉर्निंग प्रोजेक्टभर बंद करून मोकळे होतात. मीही पुष्कळ ठिकाणी बंद केली आहे. पण ती काय म्हणते ते एकदा कळू द्या, कारण तिच्यात तथ्य आहे. ६४ बिट रिलीज बिल्डमध्ये व्हेक्टर २४ बाइटचा असतो, तीन पॉइंटर. डीबग बिल्डमध्ये इटरेटर तपासण्यासाठी आणखी एक पॉइंटर येतो आणि तो ३२ बाइटचा होतो. वापरणाऱ्याची ईएक्सई रिलीज आणि तुमची डीएलएल डीबग, असं झालं तर ईएक्सई स्टॅकवर २४ बाइटची जागा काढते आणि डीएलएलमधला कन्स्ट्रक्टर तिथे ३२ बाइट लिहितो. शेजारचा व्हेरिएबल बिघडतो आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी, भलत्याच वेळी कोसळतो. स्टॅटिक लायब्ररी असती तर लिंकरने एलएनके२०३८ देऊन इटरेटर डीबग लेव्हल जुळत नाही असं सांगितलं असतं. ती तपासणी एका लिंकच्या आतली आहे, डीएलएलची वेस ओलांडून जात नाही. तिथे राखणदार म्हणून उरते ती ही एकटी पिवळी वॉर्निंग.

माझा व्यवहार असा आहे. मेंबर प्रायव्हेट असेल, त्याला हात लावणारं एकही फंक्शन हेडरमध्ये इनलाइन नसेल, आणि डीएलएल व ईएक्सई दोन्ही एकाच बिल्डमधून, एकाच रनटाइम सेटिंगने निघत असतील, तर प्राग्मा पुश, डिसेबल, पॉप लावून त्या क्लासपुरती वॉर्निंग बंद. प्रोजेक्टभर नाही. लायब्ररी बाहेरच्या लोकांना बायनरी म्हणून द्यायची असेल, तर वॉर्निंग दाबायची नाही, पिंपल करायचं. मग क्लासमध्ये एकच पॉइंटर उरतो आणि तो डीबग काय, रिलीज काय, ८ बाइटचाच. तो पॉइंटर युनिक पॉइंटर असला तर वॉर्निंग तरीही येते. तिथे ती बिनधास्त दाबा, किंवा साधा पॉइंटर ठेवून डिस्ट्रक्टरमध्ये डिलीट करा. ज्यांना साधा पॉइंटर बघवत नाही त्यांनी पहिला पर्याय घ्यावा.

मॅक्रोची व्याख्या तुम्ही दिलेली नाही, पण या वाटेवरचे निम्मे एरर तिच्यातूनच येतात. डीएलएल बिल्ड होताना तिने एक्सपोर्ट म्हणायला हवं, वापरणाऱ्याकडे इम्पोर्ट, स्टॅटिक बिल्डमध्ये काहीच नाही. डीएलएल बिल्ड होतानाच ती चुकून इम्पोर्ट म्हणत असेल, तर फंक्शनवर सी४२७३ वॉर्निंग येते आणि स्टॅटिक डेटा मेंबरवर सी२४९१ एरर. क्यूटी ही यूआयची लायब्ररी वापरणाऱ्यांना हा दुसरा ओळखीचा असतो, स्टॅटिकमेटाऑब्जेक्टच्या नावाने येतो. सीमेक (बिल्डच्या फाइल बनवणारं साधन) वापरत असाल तर टार्गेटच्या नावापुढे अंडरस्कोर एक्सपोर्ट्स जोडलेला मॅक्रो तो शेअर्ड लायब्ररीसाठी स्वतःच लावतो. नावात डॅश असेल तर त्याचा अंडरस्कोर करून लावतो, आणि हेडरमध्ये हाताने नाव लिहिताना नेमकी इथे फसगत होते. जनरेट एक्सपोर्ट हेडर हे सीमेकचं मॉड्यूल वापरा, ही टायपिंगची कटकटच मिटते. आणखी एक: युनिट टेस्टच्या ईएक्सईमध्ये लायब्ररीच्या सीपीपी फाइल थेट टाकल्या असतील, तर तिथे ना डीएलएल बनते ना ती वापरली जाते, तरी मॅक्रो इम्पोर्ट म्हणतो. तिथे स्टॅटिकवाली व्याख्या लावा.

कोणीतरी तुम्हाला सीमेकचं विंडोज एक्सपोर्ट ऑल सिंबॉल्स सुचवेलच. ३.४ पासून ते आहे, आणि खरंच सी२२८० त्याने जातो, कारण ते क्लासवर काही लावत नाही. आधीच बनलेल्या ऑब्जेक्ट फाइलमधले सिंबॉल गोळा करून यादी लिंकरला देतं. जुनी, मोठी लायब्ररी संध्याकाळपर्यंत चालवून दाखवायची असेल तर जरूर वापरा. पण ग्लोबल व्हेरिएबल आणि स्टॅटिक डेटा मेंबर वापरणाऱ्या बाजूला इम्पोर्ट लिहिल्याशिवाय मिळत नाहीत, आणि एका डीएलएलमधून ६५,५३५ च्या वर सिंबॉल नेता येत नाहीत, एलएनके११८९ येतो. टेम्प्लेटने भरलेल्या लायब्ररीत हा आकडा वाटतो तेवढा लांब नाही.

टेम्प्लेटचं एवढंच सांगतो की ग्रिड<फ्लोट> सारख्या ठरावीक इन्स्टन्सेसना एक्सपोर्ट करायचं असेल, तर मॅक्रो कुठे लावायचा यावर दोन कंपायलरचं पटत नाही. व्हिज्युअल सीप्लसप्लसला तो सीपीपीमधल्या एक्सप्लिसिट इन्स्टॅन्शिएशनवर हवा. हेडरमधल्या एक्स्टर्न टेम्प्लेटवर एक्सपोर्ट लावला तर सी४९१० देऊन तो सांगतो की हे दोन्ही एकत्र नांदत नाहीत. जीसीसीला उलट, हेडरमधल्या एक्स्टर्न ओळीवरच हवा. सीपीपीत लावलेला तो दुर्लक्षित करतो, टाइप आधीच ठरला असं म्हणून. त्यामुळे एक मॅक्रो डिक्लरेशनचा, एक डेफिनिशनचा, आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मवर दोघांपैकी एक रिकामा, याला पर्याय नाही. दिसायला ओंगळ आहे, पण मोठ्या लायब्ऱ्या हेच करतात.

तुमच्या क्लासमध्ये हे सगळं लावून झालं की डीएलएलवर डम्पबिन (डीएलएलच्या आत काय आहे ते दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) त्याच्या एक्सपोर्ट्स पर्यायासह चालवा. नावं विचित्र दिसतील, पण सुरुवात वाचता येते. दोन प्रश्नचिन्हं आणि शून्य म्हणजे कन्स्ट्रक्टर, दोन प्रश्नचिन्हं आणि एक म्हणजे डिस्ट्रक्टर, दोन प्रश्नचिन्हं आणि चार म्हणजे असाइनमेंट. लेअरस्टॅकच्या नावाने शून्यवाल्या दोनच नोंदी हव्यात, डिफॉल्टची आणि मूव्हची, आणि चारवाली एकच. चारवाल्या दोन दिसल्या, तर बिल्ड तुमचं बदललेलं हेडर न घेता कुठल्यातरी इन्स्टॉल फोल्डरमधलं दुसरंच हेडर घेत असण्याची शक्यता आहे. इनक्लूड पाथ तपासा.